भावाच्या नावावरचं पोट

आठशे मीटर पळून आले तेव्हा श्वास अजून जागेवर नव्हता, आणि माने सर ओरडले, "बसायचं नाही कुणी. घामातच लायनीला लागा. पट्टा बांधून घ्यायचाय."

आमची पोलीस भरतीची अकॅडमी म्हणजे माळावरची एक पत्र्याची शेड आणि पुढं चुन्यानं आखलेला ट्रॅक. भरतीला बसायचं तर पोट तपासायच्या पट्ट्याचा दाखला लागेल, असा त्या वर्षी नवा नियम आला होता. आरोग्य केंद्राची बाई पट्टा घेऊन आली होती आणि तिला पुढच्या गावाला जायची घाई होती. आम्हाला तर कायमच घाई. पोरी पळून येत होत्या, धापा टाकत अंगठा लावत होत्या, पट्टा बांधत होत्या, हिरवा दिवा लागला की बाजूला होत होत्या.

माझ्या पोटावर पट्टा जरा थांबला. हिरवा दिवा लागायचा तिथं गुलाबी लागला. स्क्रीनवर माझ्या पोटाचं चित्र यायला लागलं होतं, त्यावर मध्येच राखाडी चौकोन पडला. आणि आतली गोड आवाजाची बाई म्हणाली, "अभिनंदन ताई. आपल्या गरोदरपणाची नोंद झाली आहे."

मागची पोरगी फिस्सकन हसली. "ईश्वरे, पेढे कधी?"

मी म्हणाले, "मशीन बिघडलंय. परत लावा."

आरोग्यसेविकेनं परत लावला. परत चौकोन. "नोंद झाली की मला काही करता येत नाही बाळा," ती म्हणाली, आणि मी कुमारी आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं आवाज बारीक केला. त्याचा काही उपयोग नव्हता. माने सर चुन्याच्या रेघेकडं बघत उभे होते, ती रेघ आजच उगवल्यासारखी.

मी पट्टा सोडेपर्यंत मेसेज घरी पोचला होता. पप्पा कर्नाटकात पोकलेन चालवतात, म्हणून सरकारदरबारी आमच्या घराचा कुटुंबप्रमुख माझा मोठा भाऊ आहे. विश्वजीत. त्याची पोलीस भरतीची मैदानी झालेली, लेखी झालेली. निवड यादीत नाव लागलं होतं, फक्त मेडिकल राहिली होती. गावानं त्याला आत्ताच साहेब म्हणायला सुरुवात केली होती.

साहेब दारातच उभे होते.

"कोण आहे?"

"कोण नाही."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"हो."

"आणि तू खरं."

"हो दादा."

"अख्ख्या महाराष्ट्रात तुझ्याच पोटावर चुकलं होय गं ते?"

आई चुलीपुढं होती. ती उठली. चप्पल घातली, शेजारच्या गावच्या मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी घेऊन आली. आपल्या गावच्या मेडिकलमधून आणली असती तर ती घरी यायच्या आधी बातमी घरी आली असती. मोरीचं दार उघडं ठेवून तिनं मला बसवलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला. पट्टीवर एक रेघ आली. एक म्हणजे नाही. आईनं ती झटकली, उजेडात धरली, दुसरी आणली. परत एक.

"बघ," मी दादाला म्हणाले.

"ती दुकानातली आहे," तो म्हणाला. "हे सरकारचं आहे."

माझ्या शब्दाची तर त्यानं मोजदादच केली नाही.

पट्टा काय आहे ते सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही.

पट्टा म्हणजे सोनोग्राफीच. माणसाच्या कानाला न कळणारा आवाज पोटात सोडायचा. तो आतल्या अवयवांवर आपटून परत येतो, आणि कुठून किती वेळानं परत आला त्यावरून चित्र तयार होतं. पूर्वी त्याला बंद खोली लागायची, डॉक्टर लागायचा, मशीनला सरकारचं सील लागायचं. आता रबराच्या पट्ट्यात शेकडो बारके कान बसवलेत आणि चित्र वाचायचं काम यंत्राची बुद्धी करते. कुणीही बांधावा. मूतखडा, अपेंडिक्स, लिव्हरची सूज, सगळं तिथल्या तिथं. डोंगरातल्या पाड्यावरची माणसं वाचली त्यानं, ते मी नाकारत नाही.

पण मशीन घरोघर गेलं की पोटात पोरगा आहे की पोरगी हेही तिथल्या तिथं कळणार. आणि कळल्यावर आपण काय करतो ते आपल्याला चांगलं माहीत आहे. म्हणून पट्ट्यात पडदा घातला. बाईच्या पोटात पाण्याची पिशवी दिसली, पिशवीत काही हलताना दिसलं, त्याला ठोका सापडला, की चित्रावर राखाडी चौकोन पडतो. ते चित्र बाईला दिसत नाही, डॉक्टरलाही दिसत नाही. जिल्ह्याची समिती बसेल तेव्हाच पडदा उघडतो. शिवाय नोंद होते. नोंद झालेला गर्भ मध्येच नाहीसा झाला तर आपोआप गुन्हा.

या पडद्यासाठी माझी आई कलेक्टर ऑफिसपुढं उपोषणाला बसली होती. दादानंतर आणि माझ्या आधी तिच्या दोन पोरी आमच्या घरच्यांनी पाडायला लावल्या. एक पोरगा झालाय, जोडीला दुसराही पोरगाच पाहिजे, म्हणून. तिसऱ्या वेळी ती माहेरी पळाली आणि मी झाले. त्यामुळं पडदा वाईट असं मी कधी म्हणणार नाही. आम्ही पोरी मारल्या म्हणून मशीनचे डोळे बांधावे लागले. पण डोळे बांधलेल्या मशीनला अख्ख्या गावानं साक्षीदार मानलं, त्याचं काय?

आईनंही मानलं. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर तिला पट्ट्यावरचा विश्वास सोडावा लागणार होता, आणि त्या पट्ट्यात तिच्या दोन पोरी होत्या.

पोट मला लहानपणापासून होतं. हातपाय काटक आणि बेंबीखाली फुगवटा. शाळेत मला ढेरपोटी म्हणायचे. जंताची औषधं किती प्याले त्याचा हिशोब नाही. गेल्या वर्षात फुगवटा वाढला होता, ट्रॅकपँटची नाडी सैल करावी लागली होती, पण पळायचं थांबले नव्हते. आता दुखायला लागलं. आधी ओढल्यासारखं, मग पिळल्यासारखं. जेवलं की उलटी. आणि उलटी झाली की शेजारची बाई आईकडं बघायची.

आरोग्यसेविका लोहाच्या गोळ्या घेऊन घरी आली. तिनं बसल्या जागी पट्टा बांधला तर तो म्हणाला, बाळाचे ठोके मंद आहेत, आई जोखमीत आहे. दादा उठून बाहेर गेला.

तालुक्याच्या खाजगी डॉक्टरनं रक्त तपासलं. रक्तातही गर्भ नाही असंच आलं. मी म्हणाले, "मग लिहून द्या तसं."

"रिपोर्ट मी देतो. नोंद नाही मला काढता येत."

"मग पोटात काय आहे ते तरी बघा."

त्यानं सीटी स्कॅनवाल्याकडं पाठवलं. तिथं अंगठा लावला तर मशीनच बंद झालं, गरोदर बाईला क्ष-किरण द्यायचे नाहीत म्हणून. परत आले तर डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाला, "हे बघ, तुझ्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही. नोंदीत काय आहे ते माहीत आहे. मी पोट उघडलं आणि आत गर्भ नसला, तर तो मीच काढला असं होतं. मला दोन लेकरं आहेत."

म्हणजे माझं पोट खरं नव्हतं. नोंद खरी होती. शिकलेला माणूस मान खाली घालून हे बोलतो तेव्हा त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावा असं वाटतं. मी मारला नाही. वाकूनच उभी होते, सरळ होता येत नव्हतं.

सरकारी हॉस्पिटलात सर्जन होत्या डॉक्टर मुजावर. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला फटकळ. कुटुंबप्रमुख पाहिजे म्हणून दादाला यावं लागलं होतं. तो बाकावर मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मॅडमनी आधी पट्टा बांधलाच नाही. हात घासून गरम केला आणि माझ्या पोटावर ठेवला.

"हे कधीपासून?"

"लहानपणापासून."

"आणि सगळ्यांनी जंत काढले."

"हो."

त्यांनी तो गोळा दोन्ही हातांत धरला आणि डावीकडं ढकलला. सरकला. उजवीकडं ढकलला. सरकला. मग वर ढकलला. जागचा हलला नाही. खालीही नाही. परत एकदा केलं.

"पाळी?"

"वेळेवर आहे."

"कुणी विचारलं होतं का हे?"

"तुम्हीच पहिल्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गर्भपिशवी खाली पक्की बसलेली असते, ती अशी आडवी पळत नाही. आपलं आतडं एका झालरीनं पाठीला टांगलेलं असतं. त्या झालरीतली गाठ तेवढी अशी सरकते. आडवी सरकते, उभी नाही. मला वाटतं जन्मतःच आहे ही. नुसत्या वाटण्यावर मात्र पोट उघडता येत नाही. आत कुठं चिकटलीय, कुठली रक्तवाहिनी जवळ आहे, बघायला पाहिजे."

"मग पट्टा लावा."

"लावला तर पडदा. समिती पुढच्या आठवड्यात बसेल." त्यांनी माझी नाडी धरली. बराच वेळ सोडली नाही. "तुझ्याकडं आठवडा नाही, असं मला वाटतं."

मग त्या उठल्या. दादाकडं बघून म्हणाल्या, "मी वॉर्डात जाऊन येते. पट्टा इथं चालू आहे. पुरुषाचा अंगठा लावला तर पट्टा गर्भ शोधत नाही, पडदाही पडत नाही. हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही."

दार लागलं. मी दादाला म्हणाले, "अंगठा दे."

"डोकं फिरलंय का? माझी मेडिकल आहे. दुसऱ्यासाठी अंगठा दिला हे कळलं तर यादीतून नाव जाईल. केस होईल."

"भितोस?"

"कशाला भिऊ मी?"

"मग लाव की. दिसू दे तुला तुझा भाचा."

तो उठला तो मारायलाच उठल्यासारखा. पट्टा माझ्या कमरेला त्यानंच आवळला, दुखेल इतका. आणि अंगठा दाबला. त्यानं तो माझ्यासाठी दिला नव्हता. मला खोटं पाडायला दिला होता.

चौकोन पडला नाही.

माझ्या पोटात काय आहे ते एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. काळं पाणी. पातळ भिंतींची मोठी पिशवी, आत संत्र्याच्या फोडींसारखे कप्पे. एका कप्प्यात भिंतीला लोंबणारा गोळा, आणि त्याच्या मागं हाताच्या बोटाएवढी रक्तवाहिनी उडत होती. ती उडाली की गोळा हलायचा. स्क्रीनवर खाली नाव होतं, विश्वजीत गडदे, पुरुष, वय तेवीस.

दादा बघत राहिला. डोकं नाही, हात नाही, काही नाही. पाण्याची पिशवी.

मॅडम आल्या आणि स्क्रीनपुढं वाकल्या. "पट्टा बांधला तेव्हा तू काय करत होतीस?"

"पळून आले होते."

"लगेच?"

"घामातच."

त्या हसल्या, पण हसण्यात मजा नव्हती. "पळून आल्यावर माणसाची नाडी दीडशेच्या घरात जाते. गर्भाचे ठोकेही जवळपास तेवढेच असतात. मागच्या धमनीनं हा गोळा हलवला, यंत्राला पिशवीत ठोके सापडले. यंत्रानं आपलं शिकवलेलं काम केलं. पळून आलेल्या पोरीला बांधतील हे शिकवणाऱ्याला सुचलं नाही."

"आणि घरी ठोके मंद आले ते?"

"तू बसलेली होतीस म्हणून."

मग त्यांनी समजावलं. आईच्या पोटात आपण घडत असतो तेव्हा रक्तवाहिन्यांसारख्याच पांढऱ्या रसाच्या बारीक नळ्या तयार होतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. एखाद्या जागच्या जोडायच्या राहतात. रस निघून जायला वाट नाही, मग त्या फुगतात. वर्षानुवर्षं, थेंबाथेंबानं. लाखात एखाद्याला. त्यांच्या नोकरीत हा दुसरा पेशंट. तो लोंबणारा गोळा म्हणजे आत गोठलेलं रक्त होतं. पिशवीत रक्तस्राव झाला होता, वजन वाढलं होतं आणि त्या वजनानं आतडं पिळलं जात होतं. पीळ पुरा बसला तर आतडं काळं पडतं. मग पोरगीही जाते.

"आजच उघडायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "हिच्याच नावावर उघडणार. काय गुन्हा लागायचा तो लागू दे."

दादाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा. "मॅडम, हा फोटो पुसता येईल का?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

"येईल," मॅडम म्हणाल्या. "पण मग मी का पोट उघडलं, हे दाखवायला माझ्याकडं काही उरत नाही. फोटो राहील. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. विचारलंच कुणी तर तुम्हालाच गाठ आहे असं समजू दे. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

पुढचं मला आईनं सांगितलं, कारण मी भुलीत होते. आपल्याकडं ऑपरेशन झालं की डॉक्टर काढलेली वस्तू ताटात घालून नातेवाइकांना दाखवायला बाहेर आणतात. मुजावर मॅडमही आल्या. ताटात फोडाफोडींची पिशवी, काही कप्प्यांत दुधासारखं पाणी, काहींत कोऱ्या चहाच्या रंगाचं. म्हणाल्या, सगळी सोलून निघाली, फक्त एका जागी आतड्याला घट्ट चिकटली होती, तिथलं वीतभर आतडं कापून दोन टोकं शिवली. दादा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आई मात्र ताटावर वाकली. वाकून वाकून बघितलं तिनं. हात नाही, पाय नाही, पोरगा नाही, पोरगी नाही.

"एवढं वागवत होती व्हय माझी लेक," ती म्हणाली, आणि मग खाली फरशीवर बसली.

मला शुद्ध आली तेव्हा ती माझे केस विंचरत होती. मी तोंड फिरवलं. तिनं विंचरायचं थांबवलं नाही.

"ताट गावभर फिरवलं असतं मी," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस."



मी काठीला धरून उठायला लागले तेव्हा पोलीस आले. पट्टा परत बांधला गेला होता, पडदा पडला नव्हता, आणि सिस्टिमनं आपणहून तक्रार केली होती. नोंदलेला गर्भ आढळत नाही. जबाबदार, डॉक्टर मुजावर. चौकशीला आलेली सब-इन्स्पेक्टर चौगुले नावाची बाई होती. खाकीत, सरळ पाठीची. मला व्हायचं होतं तशी.

बायकांचा वॉर्ड होता. पलीकडच्या खाटांवरच्या बायका आल्यापासून माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या, त्या आता उघड कान देऊन बसल्या.

"मूल कुठं आहे?" चौगुले मॅडमनी विचारलं.

"नव्हतंच," मी म्हणाले.

"गाठ लॅबला पाठवलीय," मुजावर मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट येईल."

"येईल तेव्हा कोर्ट बघेल. मला आज तुम्हाला घेऊन जावं लागेल डॉक्टर. लॅबला गेलेली गाठ हिचीच कशावरून? ऑपरेशनच्या आधीचा फोटो आहे?"

"आहे."

"हिचा?"

दादा माझ्या पायाशी उभा होता, त्याच्याकडं मुजावर मॅडमनी बघितलंसुद्धा नाही. दिलेला शब्द त्यांनी असा पाळला, की मला त्यांच्यावरही राग आला.

"हिच्या नावाचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग नाहीच म्हणा की." चौगुले मॅडमचा आवाज चढला नव्हता. त्या नुसत्या थकल्या होत्या. "चला. गाडी खाली आहे."

तेव्हा माझी आई, माझ्यासाठी घरातून पळालेली, उपोषणाला बसलेली माझी आई, दादाला म्हणाली, "विशू, चहा घेऊन ये जा."

चहाची किटली तिच्या पायाशी होती, भरलेली.

दादानं किटलीकडं बघितलं. तो वळला आणि दाराकडं चालायला लागला. मी हाक मारली नाही. पोटात टाके होते आणि हाक मारायला पोट लागतं. पण टाके नसते तरी मारली नसती. त्याला जायचं असेल तर जाऊ दे, एवढंच डोक्यात होतं, आणि हात मात्र खाटेच्या लोखंडावर इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली.

मुजावर मॅडमनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

दारातून दादा परत आला. हातात काही नव्हतं.

"फोटो आहे," तो म्हणाला. "माझ्या नावावर आहे."

"विशू," आई म्हणाली.

"तू थांब. विश्वजीत बाळासाहेब गडदे. अंगठा माझा आहे मॅडम. पोट हिचं आहे. मी दिला अंगठा, डॉक्टर खोलीत नव्हत्या."

चौगुले मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. बारीक कापलेले केस, पळून पळून घडलेले पाय. असली पोरं त्यांना लांबून ओळखू येत असणार. "भरतीला आहेस?"

"यादीत आहे."

"हे मी लिहून घेतलं की यादीत राहणार नाहीस. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग परत सांग. नीट सांग, रेकॉर्डिंग लावते."

त्यांनी मोबाइल पुढं धरला. दादानं घसा खाकरला. पण तो मोबाइलकडं तोंड करून बोलला नाही. पलीकडच्या खाटांकडं वळला, बायका जिथं कान देऊन बसल्या होत्या तिकडं, आणि मैदानावर चेस्ट नंबर पुकारतात तेवढ्या मोठ्यानं बोलला.

"माझी बहीण ईश्वरी गडदे. तिच्या पोटात जन्मापासून गाठ होती. मूल नव्हतं. मी बघितलंय."